त्रेसष्टावा लेख

सोमवार, ६ जानेवारी

वीट आला. सकाळी औषधाच्या दुकानावर नवी पाटी पाहिली: ‘येथे सर्व औषधे मीळतील’. आत जाऊन सांगितलं, तर दुकानदार म्हणतो, “काका, औषध बरोबर मिळतंय ना? मग झालं.” झालं म्हणे! डोकं ठणकायला लागलं. गोळी घ्यायची तर त्याच्याचकडून घ्यावी लागली असती, म्हणून तसाच घरी आलो.

एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांची घाण उपसण्यात हयात गेली. नोकरी सुटली, पण डोळ्यांना सांगणार कोण? दुधाची पिशवी, विजेचं बिल, लग्नाची पत्रिका, काही म्हणता काही धड नसतं. ही वही मात्र बोलतो तशी लिहायची ठरवली आहे. ही कोणी तपासणार नाही, मीसुद्धा नाही.

दुपारी चिटणीस आले. मुलींच्या निवासी शाळेचे. सदा घोड्यावर, चहासुद्धा उभ्यानेच प्याले. शाळेचे संस्थापक मोठे सर ऐंशीचे झाले. दोन मार्चला सत्कार आहे, त्याच दिवशी गौरवग्रंथ निघायचा आहे. सगळ्या माजी विद्यार्थिनींच्या आठवणी. हस्तलिखितांचा गठ्ठा त्यांनी टेबलावर आपटला. “तुम्हीच हवेत. तुमच्या हातून गेलेल्या पुस्तकाला शुद्धिपत्र लागत नाही म्हणतात.”

खरंच आहे ते. छापून झाल्यावर पुस्तकात चुकांची चिठ्ठी चिकटवायची म्हणजे मुद्रितशोधकाने भर चौकात धोतर सोडण्यासारखं आहे. एकतीस वर्षांत माझ्यावर ती वेळ आली नाही.

आमची ही लहानपणी सात वर्षं त्याच शाळेत होती, म्हणून मी लगेच हो म्हटलं. वाटलं, खूश होईल. “अगं, तुझ्या मोठ्या सरांचं पुस्तक आलंय घरी!” तर “बरं” म्हणाली आणि कप विसळायला लागली. हिला कशाचं म्हणून कौतुक नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

गठ्ठा उघडला आणि शिसारी आली. ‘आशिर्वाद’. ‘कीती तरी दीवस’. ‘शीस्त’ तर जवळजवळ प्रत्येकीच्या लेखात, आणि प्रत्येकीची वेगळी. सात-सात वर्षं घासून घेतल्यावर हे असं? पालथ्या घड्यावर पाणी.

वर चिटणीसांना मोजताही येत नाही. यादीत बासष्ट लेख, हातात त्रेसष्ट. असो.

माझी पद्धत एकदा लिहून ठेवतो. लेख शेवटून धरायचा. ओळीखाली पट्टी ठेवायची, खालून वर यायचं, शब्द सुटा सुटा बघायचा. अर्थ लागू द्यायचा नाही. अर्थ लागला की माणूस वाहवतो, आणि वाहवला की चूक निसटते. आमचे छापखान्याचे मालक म्हणायचे, “हा गडी बायकोचं पत्रही उलटं वाचेल.”

वाचलंच होतं की! लग्नाच्या पहिल्या वर्षी ही आजारी मावशीकडे महिनाभर राहिली होती. तिथून दोन पानी पत्र आलं. बावीस चुका. मी लाल पेन्सिलीने सगळ्या दुरुस्त करून, वर ‘पुन्हा लिहून आणणे’ असा शेरा मारून पत्र परत पाठवलं. छापखान्यात सगळे हसून हसून लोळले. घरी आल्यावर हिने ते मुकाट्याने माझ्या हातात दिलं. अजून मोठ्या शब्दकोशात जपून ठेवलंय. त्यानंतर हिने मला पत्र लिहिलं नाही. संसारात वेळ कुठे मिळतो म्हणा. वाण्याची यादीसुद्धा तोंडपाठ ठेवते. चौतीस वर्षांत हिला कागदावर काही लिहिताना पाहिल्याचं आठवत नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

आज त्रेसष्टावा लेख. ह्या बाईच्या हातात लेखणी दिली कोणी? चार कागद. नाव नाही, नुसतं ‘एक माजी विद्यार्थीनी’, आणि तेही चुकलेलं. ‘जिन्याखालच्या खोलित’. ‘कोंडुन’. ‘चावि सरांच्या खिशात’. ‘चिमणि’ सात वेळा, सातही वेळा ऱ्हस्व. ‘सतरा चुका’ एवढं मात्र कसं कोण जाणे बरोबर आलंय. ध ला गाठ नाही, तो घ आहे की ध, हे देवालाच ठाऊक. कहर म्हणजे दोन ठिकाणी शाई फुटून डबकं झालंय. कागदावर पाणी सांडलेलं. लिहायचं तर निदान कोरड्या जागी बसून लिहावं, इतकीही रीत नाही. हात धुवावेसे वाटले.

मी बसल्या जागेवरून हिला ओरडून सांगितलं, “अगं, ही तुझ्या शाळेतली कोण महामाया आहे? हिला शाळेत पुन्हा पहिलीपासून बसवायला हवं!”

स्वयंपाकघरातून आवाज आला, “किती निघाल्या?”

“एकशे नऊ.”

“सगळ्या मोजल्यात?”

“एक सोडली नाही.”

तिने गॅस बंद केला आणि वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. बऱ्याच वेळाने परत आली, ती ओलेच कपडे घेऊन. हल्ली हिचं लक्ष नसतं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

छपाईची पहिली मुद्रितं आली. आता ही वाचणार आणि मी तपासणार. हे आमचं जुनं आहे. ती हस्तलिखितातून खणखणीत वाचते, विरामचिन्हांसकट, ‘स्वल्पविराम’, ‘पूर्णविराम’, ‘नवा परिच्छेद’ असं म्हणत, आणि मी मुद्रितावर पट्टी सरकवतो. वाचण्यात हिचा हात धरणारा कोणी नाही, हे मान्य करायला हवं. पण लाल पेन्सिल हातात घेणार नाही म्हणजे नाही. एकदा माझे डोळे आले होते तेव्हा म्हटलं, तू खुणा कर. पेन्सिल अशी खाली ठेवली जशी काही इंगळी डसली. “ते मोजायचं काम तुमचं तुम्हीच करा.”

आज मुद्रितं घेऊन आलेला छापखान्यातला माणूस दारात आमच्या चपलांना अडखळून पडता पडता वाचला. गॅलरीभर जोडे पसरलेले. उन्हात तडकतात, पावसात कुजतात, पाहून किळस येते. चौतीस वर्षं सांगतोय, एक छोटं कपाट करून घेऊ, आत ठेवू, दार लावू. ही करू देत नाही. विचारलं तर म्हणते, “बंद जोड्यांचा वास येतो.” उघड्यांचा येत नाही वाटतं!

बुधवार, १२ फेब्रुवारी

त्रेसष्टावा तपासला. ह्या लेखाने पिच्छा पुरवलाय. ही सकाळपासून म्हणत होती की तो शेवटी घेऊ. शेवटी घेतला, तर वाचताना भलत्याच जागी थांबायला लागली.

“वह्या आम्हीच एकमेकींच्या तपासायचो पूर्णविराम चिमणीची वही माझ्याकडे होती पूर्णविराम मी सतरा मोजल्या...”

माझी पट्टी ओळीवर अडली.

मी विचारलं, “तिथे स्वल्पविराम आहे का?”

“नाही.”

“मग थांबलीस कशाला? माझी ओळ चुकते.”

“पूर्णविराम,” म्हणाली आणि पुढे गेली. असं तीनदा झालं. शेवटच्या पानावर आवाज पार बसला. मी म्हटलं, गरम पाणी पी, घसा धरलाय तुझा.

संपल्यावर कागद मांडीवर ठेवून बसून राहिली. “झालं?”

“एक वेलांटी राहिली होती. बाकी स्वच्छ.”

“आणखी काही म्हणायचंय तुम्हाला?”

मी पुन्हा एकदा पान उजेडात धरून पाहिलं. “समास डावीकडे जरा कमी पडलाय,” म्हटलं.

तिने मान हलवली आणि चहा टाकायला उठली. एवढं मन लावून काम करतो मी, कौतुकाचा एक शब्द नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

छापखान्यात जाऊन शेवटच्या मुद्रितावर ‘छापण्यास हरकत नाही’ लिहून सही केली. चिटणीस तिथेच होते. “सगळं वाचलंत ना?”

“तीनदा.”

“उत्तम. म्हणजे संपादकांना त्रास द्यायला नको.”

संपादक म्हणजे कोणी मोठे निवृत्त अधिकारी. प्रस्तावना लिहिली आणि मुखपृष्ठावर नाव आलं, एवढंच त्यांचं संपादन. आयत्या पिठावर रेघोट्या. अशा लोकांचा मला मनस्वी तिटकारा आहे. न वाचता नाव लावतात!

रविवार, २ मार्च

घडलं तसं लिहितो.

सभागृह भरलेलं. मंचावर मोठे सर, पांढरेशुभ्र कपडे, हातात काठी. आम्हाला दुसऱ्या रांगेत बसवलं होतं. ग्रंथ प्रत्येकीच्या हातात पडला आणि चिटणीस भाषणाला उभे राहिले. पाच-सात मिनिटांत पानांची सळसळ थांबली. मी तिरक्या नजरेने पाहिलं. शेजारची बाई एका पानावर बोट ठेवून बसलेली, पुढची बाईही त्याच पानावर. पान एकशे त्रेचाळीस. एकीने दुसरीला कोपर मारून तेच पान दाखवलं.

चूक राहिली! एकतीस वर्षांची अब्रू गेली. मी घाईघाईने माझी प्रत उघडली आणि १४६ वरून उलटा निघालो. १४५, १४४, १४३. घामाने पान ओलं झालं, पण काही सापडेना. पुन्हा पाहिलं. पान आरशासारखं लख्ख. मग ह्या बायका पाहतायत तरी काय?

मी हिला कोपर मारलं, “तू बघ बरं, तुला काही दिसतं का?” हिचा ग्रंथ मांडीवर मिटलेला होता. ती मंचाकडे बघत होती, नजर न हलवता.

तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक पिकल्या केसांची बाई उभी राहिली. चिटणीस म्हणाले, “ताई, प्रश्न नंतर.” ती बसली नाही. “सर,” म्हणाली, “चिमणीला तर तिच्या घरचे घेऊन गेले होते ना?”

मोठ्या सरांची काठी खाली पडली. ती उचलायला कोणीही पुढे झालं नाही, चिटणीससुद्धा नाही. मग मागून दुसरी उभी राहिली, मग तिसरी. हार तबकातच राहिले.

परतताना मी वाटभर हिला सांगत होतो, “विश्वास ठेव, त्या पानावर एकही चूक नाही.” ती म्हणाली, “ठाऊक आहे मला.”

सोमवार, ३ मार्च

चिटणीस सकाळीच हजर. आज चक्क बसले. “वाचलंत म्हणालात ना तीनदा? मग हे सुटलं कसं?”

“काय सुटलं? एक वेलांटी दाखवा!”

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि खिशातून टाइप केलेला कागद काढला. ‘शुद्धिपत्र : पृष्ठ १४३ ते १४६ वरील मजकूर मुद्रणदोषाने आला आहे. तो वगळून वाचावे.’ खाली माझ्या सहीसाठी जागा.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. “तिथे मुद्रणदोष नाही.”

“अहो, नाही हे मलाही कळतं. आहे असं म्हणायचंय! आणि ते मूळ हस्तलिखित द्या. अक्षरावरून बाई हुडकून काढतो. खोटारडी! शाळेचं मीठ खाऊन उलटली. वकील गाठलाय आम्ही.”

पुस्तक निघून हिशेब मिटेपर्यंत हस्तलिखितं माझ्या ताब्यात असतात, ती पद्धतच आहे. मी म्हटलं, शोधावं लागेल, गुरुवारी या. का म्हटलं, माहीत नाही. कागद तर हाताशी कपाटात होता. पण न झालेली चूक माझ्या माथी मारायला निघालेल्या माणसाला काहीही देववेना. तोंडाला कडू चव आली होती.

जाताना ते जोड्यांना अडखळले. “वहिनी, हे कपाटात ठेवत चला हो.”

ही दारात उभी होती. “नाही ठेवणार,” म्हणाली. असा आवाज मी हिचा पूर्वी ऐकला नव्हता.

मंगळवार, ४ मार्च

छापखान्याच्या मालकांचा फोन. “सही करून टाक बाबा. माझ्यावर दावा लावतील. एका चिठ्ठीने काय बिघडतं?” म्हटलं, बघतो.

मग पहिल्यांदा तो लेख वरून खाली वाचला.

जिन्याखाली शाळेची जोड्यांची खोली होती. खिडकी नाही. शुद्धलेखनाच्या दर चुकीला तिथे एक तास. मुली एकमेकींच्या वह्या तपासायच्या; चूक सोडली तर तपासणारीलाही तेवढेच तास. सुटीच्या आदल्या दिवशी चिमणीच्या वहीत सतरा निघाल्या. तिला दुपारी चारला कोंडलं. सतरा तास म्हणजे सकाळी नऊ. मुलींची गाडी आठला निघाली, सरही त्याच गाडीने गेले. किल्ली त्यांच्या खिशात. लिहिणारीने गाडीत शेजारची जागा धरून ठेवली होती. सर म्हणाले, तिला घरचे घेऊन गेले. चौथ्या दिवशी शाळा उघडली. नोंदवहीत मृत्यूचं कारण ‘ताप’ लिहिलं गेलं.

शेवटचा परिच्छेद जसाच्या तसा उतरवतो. ‘त्यातल्या दोन चुका बारीक होत्या. मी त्या सोडल्या असत्या तर ती सात वाजता सुटली असती. मी सोडल्या नाहीत. मला शाबासकी मिळाली.’

हे सगळं माझ्या समोर बसून, पूर्णविरामांसकट, मला मोठ्याने वाचून दाखवलं गेलं होतं. आणि मी समासाबद्दल बोललो.

हस्तलिखित काढलं. माझ्या लाल खुणांच्या खाली ते अक्षर होतं. बिनगाठीचा ध. तो मी कुठेतरी पाहिला होता. शब्दकोश उघडला, चौतीस वर्षांपूर्वीचं पत्र काढून शेजारी ठेवलं. दोन्ही कागदांवर तोच ध, आणि दोन्हींवर माझी तीच लाल पेन्सिल. पत्र तरी धड वाचलं होतं का मी कधी? आज वाचलं. ‘इथे मावशीच्या जिन्याखाली मला झोप येत नाही, कारण तुम्हाला भेटल्यावर सांगेन’ असं त्यात लिहिलंय. वर माझा शेरा.

आयुष्यभर मला दुसऱ्यांच्या घाणीची किळस येत गेली. आज स्वतःच्या हाताची आली. दोनदा धुतला.

बुधवार, ५ मार्च

सकाळी दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले. तिनेच सुरुवात केली.

“बासष्ट जणींनी शिस्त शिस्त लिहिलं होतं. चिमणी कुणाच्याच लेखात नव्हती. गठ्ठा तीन दिवस टेबलावर पडून होता. तुम्ही बाहेर गेलात की थोडं थोडं लिहिलं आणि तळाशी सरकवलं.”

“मला सांगायचंस.”

“सांगितलं की. वाचून दाखवलं.”

“मी ऐकत नव्हतो गं. तपासत होतो.”

“हो. म्हणून तर वाचता आलं.” मग म्हणाली, “एकशे नऊ निघाल्या म्हणालात ना, तेव्हा मी गच्चीवर हिशेब केला. साडेचार दिवस होतात.”

मी रडलो. इथे लिहून ठेवतो, लपवण्यात अर्थ नाही. तिने रडू दिलं, समजूत काढली नाही, आणि तेच योग्य होतं.

नंतर मी म्हटलं, “हस्तलिखित त्यांच्या हाती पडू देत नाही. सहीही करणार नाही. तुझं नाव कुणाला कळणार नाही.”

चिटणीस ठेवून गेलेला शुद्धिपत्राचा कागद तिने पुढे ओढला. “नाव लिहायला तेव्हा धीर झाला नाही,” म्हणाली. “पण रविवारी त्या बायका उभ्या राहिल्या. काढा तुम्ही शुद्धिपत्र.”

गुरुवार, ६ मार्च

चिटणीस यायच्या आधी छापखाना गाठला. मालकांना तो लेख बसवून वाचायला लावला, वरून खाली. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. “दावा?” मी विचारलं. “लावू देत,” म्हणाले. “मला दोन मुली आहेत.”

माझ्या आयुष्यातलं पहिलं शुद्धिपत्र त्यांच्यासमोर ठेवलं:

‘पृष्ठ १४३. लेखिकेचे नाव छापायचे राहून गेले आहे. ते पुढीलप्रमाणे वाचावे.’

ह्या दोन ओळींखाली माझी सही होती. त्याखाली तिने काल संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आपलं नाव लिहिलं होतं, शाळेत होतं ते, माहेरचं. लिहिताना दोनदा थांबली, आणि मी काही विचारलं नाही. तिच्या नावात ध येतो.

मालक कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, “हा घ आहे की ध? टाइपात जुळवून घेऊ का?”

“नको,” म्हटलं. “असंच छापा. तिच्या अक्षरात.”